आठवी ‘ब’ला गणित कोण?

“आठवी ‘ब’ला गणित कोण घेणार?” कवायतीच्या सरांनी विचारले, तेव्हा बाईंच्या हातात गोंदाची बाटली होती आणि त्या तिचे झाकण फिरवत होत्या. प्रश्नात तसे दचकण्यासारखे काही नव्हते. सुट्टी लागून शाळा रिकामी झाली की चित्रकलेच्या वर्गात चार टेबले जोडायची, त्यांवर दाराएवढा पांढरा तक्ता पसरायचा, वाऱ्याने काही उडू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या आणि पुढच्या वर्षाचे वेळापत्रक मांडायला बसायचे, हा बाईंचा एकवीस वर्षांचा रिवाज. मांडणी संपत आली की यायचे, हात पाठीमागे बांधून तक्त्याला फेरी मारायची आणि आपले कवायतीचे तास कोणी पळवले ते शोधून काढायचे, हा सरांचा. सगळी शाळा त्यांना पाठीमागे वेळापत्रकबाई म्हणे, सर तोंडावर म्हणत. पण आज सर स्वतःच्या तासांबद्दल बोललेच नाहीत. तक्त्यावर बोट फिरवत म्हणाले, “हे बघा ना. आठवी ‘ब’, ‘ग. न.’ नववी ‘अ’, ‘ग. न.’ दहावी ‘अ’ला तर रोज ‘ग. न.’ म्हणजे गणित-नवीन! कोण हा नवीन? कोणी सोडून चाललंय का? आणि तुम्ही कुठे आहात? तुमचा पिवळा रंग मला कुठेच दिसत नाही.”

बाईंनी बघितले. अठरा वर्ग, एकतीस शिक्षक, आठवड्याचे सातशेवीस चौकोन. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग, रंग संपल्यावर काहींना रेघा, काहींना ठिपके, आणि जी जागा अजून भरायची आहे तिला कोरा पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीने दोन अक्षरे. नखाएवढे हे चौकोन आधी नुसते ठेवायचे, आठ-दहा दिवस इकडून तिकडे सरकवायचे, आणि सगळे जुळले की मगच गोंद लावायचा. प्रयोगशाळेचे जोडतास आधी, मग दोन शाळांत शिकवणारे, मग भाषा, आणि बाई स्वतः सर्वांत शेवटी, उरल्यासुरल्या भोकांत. त्यामुळे शाळेतले सर्वांत वाईट वेळापत्रक दरवर्षी वेळापत्रक लावणारीच्याच वाट्याला येई आणि त्याचा त्यांना केवढा तोरा होता! काल संध्याकाळी तक्ता पुरा झाला तेव्हा त्यांना नवलच वाटले होते. इतक्या वर्षांत इतके सुरेख, एकही गाठ न पडता कधी जुळले नव्हते. त्या घरी जाऊन नवऱ्याला तसे म्हणाल्याही होत्या. आता कळत होते की का जुळले. सहा, सात आणि सात, असे वीस पांढरे चौकोन त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात समोर होते, आणि पिवळा कागद खणात तसाच्या तसा घडी न मोडता पडलेला होता.

“राहिलंय ते अजून,” बाई म्हणाल्या. “पिवळा कागद संपलाय.”

“मग गोंद कशाला काढलात?” सर म्हणाले. मैदानावर तीनशे पोरांतून रांग मोडणारा एक हेरणारा माणूस, त्याला काय फसवणार? पण तो शहाणाही होता. बाईंचे पाय हल्ली संध्याकाळी सुजतात, जिन्यात त्या मधल्या पायरीवर थांबतात आणि थांबल्याचे लपवायला हातातल्या वह्या मोजतात, हे सरांनी पाहिलेले होते. ते दार हळूच ओढून घेऊन गेले.

बाई स्टुलावर बसल्या. तोंडात ती सकाळची धातूची चव होती, जुने नाणे जिभेवर ठेवल्यासारखी. गेले तीन महिने ती कशानेही जात नव्हती. त्यांना भीती वाटली. आजाराची भीती जुनी होती, तिच्याशी त्यांचे बरे जमले होते. ही वेगळी होती. ही स्वतःच्या हाताची भीती होती. आठ दिवस हा उजवा हात कात्रीने पांढरे चौकोन कापत होता, त्यांवर पेन्सिलीने अक्षरे लिहीत होता, नेमके वीस मोजत होता, आणि डोके त्या वेळी काय करत होते? डोके सातवीच्या भूगोलाचा गुंता सोडवत होते. म्हणजे ठरवणारे कोणीतरी आत बसले होते, आणि त्याने त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितले होते की मूत्रपिंडांचे काम चौदा टक्क्यांवर आले आहे. सहा महिने, वर्ष, फार तर थोडे अधिक, मग डायलिसिस लागणार. तेव्हा डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी डाव्या हाताच्या नसेची धमनीशी जोडणी आत्ताच करून घ्या, नस फुगून तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. बाई हो म्हणाल्या होत्या. मग म्हणाल्या, वार्षिक परीक्षा होऊ दे. मग म्हणाल्या, निकाल लागू दे. मग म्हणाल्या, एकदा वेळापत्रक होऊ दे. आणि वेळापत्रक झाले, ते हे असे.

त्यांना बावन्न संपून त्रेपन्नावे लागायला पाच महिने होते. हा हिशेब त्यांनी कधी मुद्दाम केला नव्हता, पण तो त्यांना नेहमी तोंडपाठ असे. वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले. तोच आजार, मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होत जाणारा, आई किंवा बापाकडून मुलांत उतरणारा. उतरेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी. वडील घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना कोणीतरी सांगितले, दोन वर्षे. त्या काळी त्या गावात डायलिसिसचे यंत्र नव्हते, तेव्हा सांगणाऱ्याची तरी काय चूक म्हणा. पण वडिलांनी ते दोन वर्षे अगदी मीटरवरच्या आकड्यासारखे टिपून घेतले. सायकल भावाला दिली. दोन चांगले सदरे मेव्हण्याला दिले. बुद्धिबळाचा पट गुंडाळून माळ्यावर टाकला, कारण समोरच्याशी चाललेला डाव अर्धा राहिला तर वाईट दिसेल. आईने स्वेटर विणायला घेतला तर म्हणाले, कुणासाठी? आणि मग दोन वर्षे झाली आणि ते गेले नाहीत. तिसरे वर्ष उजाडले. सगळ्यांचा निरोप घेऊन झालेला पाहुणा, आणि गाडी मात्र येत नाही, तसे ते घरात ओशाळवाणे वावरू लागले. पाच वर्षे जगले ते. पाच वर्षे तो माणूस पायांत चपला घालून दारात बसला होता. बाई तेव्हा पंधरा ते वीस वर्षांच्या होत्या. त्या गुणपत्रिका आणून दाखवत, ते चष्मा लावून प्रत्येक विषयाचे गुण वाचत आणि म्हणत, छान. पुढे काय घेणार आहेस, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. त्या ‘छान’नंतरची ती गप्प बसण्याची दोन-तीन क्षणांची जागा बाईंना अजून आठवे, आणि अजून राग येई. मेलेल्या माणसावर रागावू नये असे म्हणतात, पण त्या रागावत. तीन वर्षे त्यांची होती, नुसती पडून होती, कोणी त्यांच्यावर हक्क सांगत नव्हते, आणि वडिलांनी ती हातसुद्धा न लावता परत केली.

आणि लेकीला शेवटचे कधी विचारले होते, पुढे काय? बाईंना आठवेना. लेक पंचवीस वर्षांची, दुसऱ्या शहरात एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला. रोज संध्याकाळी फोन होई. काय खाल्लेस, पाऊल सुजले का, रक्ताचा अहवाल आला का. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच सुचवले होते की मुलीची एकदा सोनोग्राफी करून घ्या. गाठी असल्या तर रक्तदाब लवकर सांभाळता येतो, पुष्कळ वर्षे वाचतात. लेक म्हणाली होती, “कळून काय करू? तुझ्याकडे बघतेय ना मी.” तेव्हा बाईंना ते बोलणे मायेचे वाटले होते, त्यांचे डोळे भरून आले होते. आता चित्रकलेच्या बंद वर्गात, रंगांच्या जुनाट वासात, त्यांना ते बोलणे पुन्हा ऐकू आले. पोरगी बोलली होती ते शब्दशः खरे होते. ती बघत होती. पुढे आपले काय होईल ते ती आईकडे बघून वाचत होती, जसे त्यांनी वडिलांकडे बघून वाचले होते. आणि आई काय करत होती? गोंद काढत होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळे सांगितले. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो. दिवसभर माणसांना ‘आता कसं दिसतं, आता कसं दिसतं’ असे विचारून विचारून त्याचा आवाज मऊ झालेला. बाईंचे मीठ तुटले तेव्हा त्यानेही आपले मीठ सोडल्याचे जाहीर केले होते, आणि पुस्तकांच्या फळीमागे एक मिठाची डबी ठेवली होती. बाईंना ती पहिल्या आठवड्यातच सापडली होती, पण त्या काही बोलल्या नव्हत्या. उलट संपत आली की भरून ठेवत. त्याने आपले एक मूत्रपिंड देऊ केले होते, पण त्याला दहा वर्षांची साखर, डॉक्टरांनी हात जोडले. लेकीचे तर घेताच येत नव्हते. बाईंचे नाव प्रत्यारोपणाच्या यादीत होते, आणि यादी आपल्या गतीने चालली होती. त्या सांगत होत्या तोवर नवरा शांत ऐकत होता. पांढरे चौकोन वीस होते असे त्या म्हणाल्या आणि तो एकदम उठून उभा राहिला. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याचा आवाज चढलेला बाईंनी दोन-तीनदाच ऐकला असेल.

“मला विचारलंस?” तो म्हणाला. “एकदा तरी?”

“अहो, मी मलाच विचारलं नाही.”

“तेच म्हणतोय मी. हे बघ, तुला नको असेल तर नको म्हण. तो हक्क तुझा आहे, मी आड येणार नाही. रडेन, पण आड येणार नाही. पण म्हणायचं तर माझ्यासमोर बसून म्हण, दिवसाढवळ्या, विचार करून. हे असं कागद कापता कापता नको. असं कोणी जात नसतं.”

मग तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ भांडी घासत राहिला, घासलेलीच. बाई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. पायावरच्या सुजेत बोट दाबले की खळगा पडे आणि सावकाश भरून येई. त्यांनी तो खळगा भरेपर्यंत मनात आकडे मोजले. मोजता मोजता त्यांच्या लक्षात आले की आपल्याला मरायचे अजिबात नाही. नको, नको, असे कोणीतरी आत ओरडत होते, लहान मुलासारखे. मग इतके दिवस हे ओरडणे कुठे होते? ते नम्रपणे बाजूला बसले होते, उरल्यासुरल्या भोकांत आपल्याला जागा मिळेल म्हणून वाट बघत. दुसऱ्यांची सोय आधी लावायची सवय इतकी हाडीमासी खिळली होती की मरणाचीही सोय त्यांनी अशीच लावून टाकली होती, शाळेची घडी विस्कटू नये म्हणून. बाईंना स्वतःची दया आली, मग लाज वाटली, आणि मग चांगला सणसणीत राग आला. तो राग त्यांना बरा वाटला. त्यात अंगाला ऊब होती.

दुसऱ्या दिवशी त्या वेळ न घेताच इस्पितळात गेल्या. डॉक्टरांच्या समोर बसून म्हणाल्या, “आकडा सांगा. मी गणित शिकवते, मला आकड्याची भीती नाही.” हे खोटे होते, खुर्चीच्या हाताला त्यांचा घाम लागला होता.

“डायलिसिसवर सरासरी पाच ते दहा वर्षं सांगतात,” डॉक्टर म्हणाले. “पण त्या सरासरीत ऐंशीचे आजोबा आहेत, हृदय खचलेले आहेत, निम्म्या वेळा दांडी मारणारे आहेत. आणि वीस-तीस वर्षं काढलेलेही आहेत. नवं मूत्रपिंड मिळालं तर बहुतेकांना आणखी वर्षं मिळतात. तुमचं वय बावन्न, हृदय ठणठणीत, रक्तदाब ताब्यात. तुमचा एकटीचा आकडा मला माहीत नाही. माहीत आहे असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका.”

“आणि काहीच केलं नाही तर?”

“मग वर्षांत बोलता येणार नाही, आठवड्यांत, महिन्यांत बोलावं लागेल. तोही रस्ता काही जण निवडतात, आणि त्यातही आम्ही सोबत असतो, त्रास कमी ठेवतो. पण तुम्ही चार महिने जे करताय तो कुठलाच रस्ता नाही. हाताची तयारी नसताना एक दिवस धाप लागून याल, मग मानेत नळी घालावी लागेल, त्यातून जंतू शिरतात. सगळ्यांत वाईट सुरुवात ती.” मग त्यांनी पेन टोपणात घातले आणि म्हणाले, “आत जाऊन बघून या. तुम्ही अजून एकदाही ती खोली बघितलेली नाही.”

ते खरे होते. त्या खोलीच्या दारावरून बाई नेहमी झपझप चालत जात, जसे मुले मुख्याध्यापकांच्या दारावरून जातात. आत अकरा खुर्च्या होत्या, मागे टेकणाऱ्या, आणि प्रत्येकीशेजारी एक यंत्र, त्यात हळू फिरणारे चाक. स्वच्छतेचा उग्र वास, गारठा, आणि चाकांची एकसारखी घरघर. बाईंनी काहीतरी भयंकर दिसेल असे धरले होते. दिसले ते असे की एक माणूस घोरत होता, एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती आणि तिच्या वहीतले तिसरे उदाहरण चुकलेले होते. बाईंना राहवेना, त्यांनी बोट दाखवून सांगितले. पलीकडच्या खुर्चीतला कुलुपे दुरुस्त करणारा साठीचा गृहस्थ मोठ्याने हसला. “मास्तरीण आली वाटतं,” म्हणाला. त्याच्या डाव्या हातावर नस दोरखंडासारखी फुगलेली होती आणि तिच्यातून दोन लाल नळ्या निघाल्या होत्या. सतरा वर्षे तो येत होता, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सतरा, बाईंनी मनात म्हटले, आणि त्यांचा चेहरा उजळला असणार, कारण त्याने लगेच मान हलवली.

“मला बघून हुरळू नका बाई. नवीन आलेला प्रत्येक जण माझ्याकडे असंच बघतो. या शेजारच्या खुर्चीत माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान माणूस होता. गुणी, पथ्याचा, माझ्यासारखा तोंडाळ नाही. दीड वर्षात गेला. का गेला? मी का राहिलो? मला विचारू नका. डॉक्टरांनाही विचारू नका, बिचारे उगाच घाबरतात.”

“मग तुमच्या हातात काय आहे?” बाईंनी विचारले. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

“यायचं,” तो म्हणाला. “चुकवायचं नाही. मुलाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी येऊन गेलो. पाणी मोजून प्यायचं, ते मला जमत नाही, शिव्या खातो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं. इथून गेल्यावर संध्याकाळ वाया जाते, अंगात काही राहत नाही, खोटं कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी कुलूप उघडतं. एवढंच आहे.”

बाहेर येऊन त्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. ऊन लख्ख पडले होते, समोरच्या थांब्यावर माणसे रांगेत होती, आणि बाईंना आठवीचा तो तास आठवला, जो त्या दरवर्षी घेत. चाचणीचे गुण वाटून झाले की त्या फळ्यावर सगळ्यांची बेरीज करून घेत, भागाकार करून घेत, उत्तर येई सेहेचाळीस किंवा असेच काही. मग म्हणत, ज्याला बरोबर सेहेचाळीस पडलेत त्याने उभे राहावे. मुले एकमेकांकडे बघत, मागे वळून बघत, बाकांखाली बघत. बहुतेक वर्षी कोणीच उठत नसे. बघा, बाई म्हणत, सगळ्या वर्गाची सरासरी आहे आणि वर्गात कोणाचीच नाही. पोरे हसत. एकवीस वर्षे हा एकच विनोद त्यांनी पोरांना विकला होता. आणि स्वतः मात्र चार महिने सरासरी नावाच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. सरासरीवर कसल्या, वडिलांच्या बाकावर, जो सरासरीहूनही जुना, मोडका आणि दुसऱ्याचा होता. याचा अर्थ आपल्याला वीस वर्षे मिळतील असा नव्हता, हेही बाईंना स्वच्छ दिसत होते. दीड वर्षही मिळेल. कुलूपवाल्याशेजारचा माणूसही कोणाचा तरी नवरा होता. पण किती मिळणार हे माहीत नसणे आणि काही मिळणारच नाही असे धरून चालणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि गणिताच्या बाईला हे समजायला चार महिने लागावेत याची त्यांना भर उन्हात लाज वाटली. त्या परत आत गेल्या आणि शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच बाहेर पडल्या.

जोडणी नऊ दिवसांनी झाली. हात तेवढाच बधिर केला होता. बाई जाग्या होत्या. शल्यचिकित्सकाने विचारले, फळ्यावर कोणत्या हाताने लिहिता? उजव्या. मग डाव्याने काय करता? लाकडी गुण्या फळ्यावर दाबून धरते, बाई म्हणाल्या. ते आता जरा जपून, तो म्हणाला. या हाताने ओझे नाही, या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, अगदी कोणी हक्काने मागितला तरी. संध्याकाळी त्या घरी होत्या. पट्टीच्या वर, कोपराकडे बोटे टेकली की कातडीखाली काहीतरी सतत गुरगुरत होते, मांडीवरच्या मांजरासारखे. पहिल्या रात्री ते ऐकून त्यांना शिसारी आली. हे आपले अंग नव्हे असे वाटले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बोटे ठेवून पाहिली आणि म्हणाला, “चालू आहे.” तिसऱ्या दिवसापासून त्या दर तासाला स्वतःच तपासू लागल्या.

आणि पट्टी बांधलेला हात छातीशी धरून त्या पुन्हा चित्रकलेच्या वर्गात गेल्या. पिवळा कागद काढला. डाव्या हाताने कागद धरता येईना म्हणून त्यावर दगड ठेवून उजव्याने वीस चौकोन कापले, वाकडेतिकडे. या वेळी त्यांनी ठरवले होते की स्वतःला आधी बसवायचे. एकवीस वर्षांत कधी केले नव्हते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारच्या सुट्टीनंतर काही नाही. डायलिसिस उद्या लागो की सहा महिन्यांनी, जागा आत्तापासून मोकळी. पहिला पिवळा चौकोन ठेवताना त्यांचा हात अडखळला. त्यांना भाषेच्या बाई आठवल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांनी विचारले होते, आई अंथरुणाला खिळली आहे, मंगळवारचा शेवटचा तास सोडाल का? नियम सगळ्यांना सारखा, बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या सारखेपणाचा त्यांना अभिमान वाटला होता. भाषेच्या बाई पुन्हा कधी काही मागायला आल्या नाहीत. आपण तेव्हा किती निर्दय होतो, बाईंना वाटले, आणि ती निर्दयता शेवटी फिरून आपल्याच अंगावर आली होती. त्यांनी चौकोन ठेवला आणि बोटाने दाबला. एक तास हलवला की सहा हलत, सहा हलले की भूगोल कोलमडे. चार दिवस हे चालले. आधी इतके सुरेख जुळलेले वेळापत्रक आता नेहमीसारखे गाठीगाठींचे, कुरबुरींचे, दोघा-तिघांना नाराज करणारे झाले. शेवटी गाडे अडले ते कवायतीवर. बाईंना सरांचे सकाळचे तीन तास हवे होते.

सर आले, हात पाठीमागे बांधून. त्यांना आता सगळे माहीत होते. बाईंनीच सांगितले होते, पट्टी दाखवून. ते तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि बाईंना वाटले की आता हे हळहळतील, म्हणतील घ्या हो बाई, काय हवे ते घ्या. त्या कल्पनेनेच त्यांचा जीव कासावीस झाला.

“तीन देणार नाही,” सर म्हणाले.

“सर, माझं ऐका तरी.”

“ऐकलं. सकाळचे तीन तास काढून घ्यायचे आणि पोरांना भर दुपारी मैदानात भाजायचं? दोन देतो. तिसरा विज्ञानवाल्यांकडून उपटा, ते कधी काही सोडत नाहीत. आणि दुपारचा मला शेवटचाच हवा, ऊन उतरल्यावर.”

“शेवटचा सहावीला चित्रकलेचा आहे.”

“तो तुमचा प्रश्न. वेळापत्रकबाई तुम्ही आहात की मी?” सर तक्त्यावरून मान वर न करता म्हणाले. “आजारी आहात म्हणून तास सोडेन असं वाटलं का तुम्हाला? त्या ‘ग. न.’ला सोडले असते, तो बिचारा नवीन होता. तुमच्याशी माझं एकवीस वर्षांचं भांडण आहे, बाई. ते असं फुकटात मिटवणार नाही मी.”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आले, आणि सर चटकन खिडकीकडे वळून मैदान बघू लागले. पाऊण तास भांडण झाले. शेवटी दोन तास कवायतीचे मिळाले, एक विज्ञानाच्या सरांना फोनवर दमात घेऊन मिळवला, सहावीची चित्रकला मधल्या सुट्टीआधी गेली. मग सरांनी स्वतः गोंदाची बाटली उघडली, कारण बाईंना एका हाताने ती उघडेना, आणि दोघांनी मिळून सातशेवीस चौकोन चिकटवले. सरांचे वाकडे बसत होते. बाईंनी दोनदा बजावले, मग सोडून दिले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा बाईंच्या बोटांना अजून गोंद होता. हात कसा आहे, सूज उतरली का, गुरगुर लागते का, सगळे झाले. मग लेक थांबली. ही थांबायची तऱ्हा बाईंना माहीत होती. गेल्या तीन वर्षांत प्रत्येक फोनमध्ये ती कुठेतरी असायची, आणि प्रत्येक वेळी दोघी मिळून ती ओलांडून जायच्या. आज बाई बोलल्या नाहीत. त्यांनी वाट बघितली.

“आई,” लेक म्हणाली, “किती वर्षं म्हणतात गं? खरं सांग. मला समजूत नकोय.”

“डायलिसिसवर सरासरी पाच ते दहा. काहींना दीड, काहींना तीस. मूत्रपिंड मिळालं तर हिशेब बदलतो. माझे किती ते कोणालाच माहीत नाही.”

“आणि तुला काय वाटतं?”

बाईंनी विचार केला. त्यांना खोटे बोलायचे नव्हते आणि धीर द्यायचा नव्हता. धीर दिला असता तर पोरीने तो लगेच ओळखला असता. “मला भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी वाटते. पण मी या वर्षी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी नाही. बाकी सगळ्या वेळी आहे.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग एकदम कोरडा, कामाचा आवाज, अगदी बाईंचाच. “शाळा सुरू झाली की दुसऱ्या आठवड्यात मी येते. ती सोनोग्राफी करून टाकते एकदाची. मंगळवारी माझ्याबरोबर येशील?”

“मंगळवारी शेवटचे दोन तास आहेत मला,” बाई म्हणाल्या. “साडेतीनला सुटते.”

“मग चारची वेळ घेते,” लेक म्हणाली.